माझ्याकडे जागा नाय

मालवणच्या बंदरापासून आरोंद्याच्या खाडीपर्यंत असं एकही गाव नसेल, की जिथल्या निदान एका घरात माझ्या बायकोच्या मामांची एखादी वस्तू ठेवलेली नाही. 'ठेवलेली' हा शब्द मी विचार करूनच लिहितो आहे. 'दिलेली' म्हटलेलं मामांना चालत नाही. दान, मदत, वाटप असले शब्द कुणी त्यांच्यासमोर काढले, की कानात पाणी गेल्यासारखी ते मान झटकतात. एका घरात नको झालेली वस्तू दुसऱ्या हव्या असलेल्या घरात नेऊन पोचवायची, हाच त्यांचा गेल्या कित्येक वर्षांचा उद्योग आहे, पण ती वस्तू कुणाच्या दारात उतरवताना त्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, "माज्याकडे जागा नाय. तुमच्या हंय ऱ्हवांदे." म्हणजे, तुमच्याकडे राहू दे.

जागा नाही हे साफ खोटं आहे. मामांचं आरोंद्याचं घर एवढं मोठं आहे की त्यात एक लग्न लागावं आणि दुसऱ्याची पंगत उठावी. मामी लवकर गेल्या, मूलबाळ नाही. त्या घरात मामा एकटे, आणि त्यांच्या भोवती मुक्कामाला आलेल्या वस्तू. आज पाहिलेलं कपाट उद्या तिथे नसतं. चहा दर वेळी निराळ्या कपातून येतो. कधी त्यावर गोव्यातल्या कुठल्या तरी हॉटेलाचा माड छापलेला असतो, कधी कुणाच्या तरी रौप्यमहोत्सवाचं अभिनंदन. लग्नानंतर मी आणि शुभा पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा मला त्यांनी एका सुरेख वेताच्या खुर्चीत बसवलं. मी बशीत चहा ओतला, फुंकर मारली, आणि एवढ्यात अंगणात कुणी तरी हाक दिली. मामा बाहेर जाऊन आले आणि अदबीने म्हणाले, "जावयबापू, उठा बघुया जरा. ह्या खुर्चेक न्येवक इले." उरलेला चहा मी उभ्याने प्यालो. खुर्ची अंगण ओलांडून गेली, तिच्या पाठीवर माडांच्या सावल्या सरकत गेल्या, आणि शुभा पदर तोंडाशी धरून हसत राहिली.

मामांकडे एक तीनचाकी टेम्पो आहे. त्याचा मूळचा रंग आता मामांनाही आठवत नाही. हा टेम्पो दुरून येताना दिसला की मला नेहमी स्वप्नात काही तरी चालल्यासारखं वाटतं. कधी त्याच्या टपावर खुर्च्या पाय वर करून झोपलेल्या असतात, कधी गाद्यांच्या डोंगरावर भिंतीवरचं घड्याळ उताणं पडून चालूच असतं. एकदा मी वाचनालयाच्या पायरीवर उभा होतो (आमच्या गावच्या वाचनालयाचा मी ग्रंथपाल), आणि मामा एक भला मोठा आरसा टेम्पोला उभा बांधून रस्त्यावरून गेले. आरशात आभाळ होतं, माड होते, खाडीचं उन्हात चकाकणारं पाणी होतं. आमचा अख्खा गाव त्या आरशातून सावकाश वाहत गेला, आणि अगदी शेवटी, पुस्तक छातीशी धरून उभा असलेला मीही गेलो. त्या दिवशी मला वाचनात काही लक्ष लागलं नाही.

या वस्तू येतात कुठून, तर सगळीकडून. पर्यटनाचा हंगाम संपला की किनाऱ्यावरच्या घरगुती निवासांतल्या चादरी येतात. मुंबईला राहणारा चाकरमानी गावचं घर कायमचं बंद करतो, तेव्हा त्याची भांडी येतात. गोव्यातली हॉटेलं दर दोन-तीन वर्षांनी पडदे आणि टॉवेल बदलतात, ते येतात. गोव्याहून भरून येणारा टेम्पो म्हटला की इन्सुलीच्या नाक्यावर थांबवून तपासायचा, हे ओघानेच आलं. गाद्यांच्या आत बाटल्या असतील या संशयाने नव्या आलेल्या एका शिपायाने एकदा मामांचे सगळे टॉवेल उलगडून बघितले. मामा शांतपणे बाजूला विडी ओढत उभे राहिले. शोध संपल्यावर म्हणाले, "साहेब, तपासणी आपण चोख केलीत. आता घड्या घालायला माझ्याबरोबर हात लावावा." सरकारी माणसाशी मामा शुद्ध मराठीत बोलतात, आणि ते बोलले की त्यांना नाही म्हणणं जड जातं. दोघांनी मिळून टॉवेलांच्या घड्या घातल्या. पुढल्या खेपेला तो शिपाई नाक्यावर आपल्या मुलाची लहान झालेली सायकल धरून मामांची वाट बघत उभा होता.

मामांच्या हातून वस्तू कधी नको तिथेही जाते, पण ते त्यांना मान्य नाही. कणकवलीच्या एका डॉक्टरांनी घरातल्या घरात चालण्याचं एक यंत्र दिलं. मामांनी ते डोंगराकडच्या एका काजूवाल्याच्या दारी नेऊन ठेवलं. हा माणूस रोज बागेतून उतरायचा आणि चढायचा, त्याला चालायचं यंत्र कशाला, असं शुभाने विचारलं तर मामा म्हणाले, "चलाक नको गो. तेच्यार बसांदे." त्या यंत्राच्या पट्ट्यावर आज दर उन्हाळ्यात आमसुलं वाळतात, आणि काजूवाला सांगतो की असली सपाट, उतरती जागा त्याला आयुष्यात मिळाली नव्हती. एका वर्षी गोव्याच्या हॉटेलातून जांभळ्या मखमली पडद्यांचा ढीग आला. मामांनी तो सगळा खाडीकाठच्या एकाच वाडीत उतरवला. त्या वर्षी ती वाडी जांभळी झाली. शाळेच्या स्नेहसंमेलनात राजा जांभळा, प्रधान जांभळा आणि द्वारपालही जांभळा. पाळण्यावर जांभळी झालर, गाभण म्हशीच्या पाठीवर जांभळी झूल. संध्याकाळी होडीतून येताना त्या वाडीच्या खिडक्या दिसायच्या. आत दिवे लागलेले, बाहेर अंधूक होत जाणारं पाणी, आणि मध्ये तो जांभळा उजेड. शुभा म्हणायची, मामाने वाडीला झोप लागावी म्हणून पडदे लावलेत.

शुभा मामांची भाची, आणि या उद्योगातली त्यांची भागीदार. ती पलीकडच्या गावात शाळेत शिकवायची. सुटीच्या दिवशी मामा आमच्या पडवीत गाठोडी सोडायचे आणि दोघं बसून निवड करायची. तुटलेली बटणं ती लावायची, मामा कुकरच्या शिट्ट्या तपासायचे. निवड चालू असताना मामा वस्तूंशी बोलतात. "चल गो बाय, तुजा नशीब उघाडला," असं त्यांनी एका इस्त्रीला सांगितलेलं मी ऐकलं आहे. आणि एक नियम दोघांनीही कधी मोडला नाही. शेजारच्या घरून आलेलं भांडं आपण रिकामं परत देत नाही, तशी मामांची कुठलीही वस्तू रिकामी जात नाही. शर्टाच्या खिशात चार काजूगर, पर्समध्ये सुपारी, सुटकेसमध्ये नारळ, पातेल्यात मूठभर उकडे तांदूळ. मी एकदा विचारलं, याने काय होतं? शुभा म्हणाली, "वस्तूला वाटत नाही की आपल्याला घालवून दिलं." माझ्या वाचनात आलेली बरीच वाक्यं मी विसरलो आहे. हे राहिलं.

आमच्या लग्नात मामांनीच तिला हाताला धरून बोहल्यावर आणली. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, आणि मामा माझ्याकडे वळून सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "जावयबापू, आमच्या हंय जागा नाय हां. तुमच्याकडे ऱ्हवांदे." मांडव हसून हसून आडवा झाला. फक्त शुभाची आई हसताना रडली, आणि मामा पाठ फिरवून वाजंत्रीवाल्यांना उगाच काही तरी ओरडू लागले.

शुभाकडे एक निळी स्कूटी होती. मला सायकलीखेरीज काही चालवता येत नाही, आणि सायकलही लोक समोरून आले की उतरून हातात धरतो. तेव्हा सकाळी शुभा पुढे, मी मागे, मांडीवर पुस्तकांची पिशवी, अशी आमची स्वारी निघायची. मला वाचनालयापाशी उतरवून ती शाळेला जायची. बाजारातले लोक त्यातही चेष्टा शोधायचे. मासेवाल्या टोपल्या मांडता मांडता ओरडायच्या, "भावजीनू, घट धरा हां! बाईंक सोडू नकात!" मी शरमेने मागच्या कडीला धरायचो. शुभा मान मागे न वळवता म्हणायची, "धरा की. त्या सांगतात तर."

तिला जाऊन आता दोन पावसाळे झाले. आजार लांबला नाही. तेराव्याला सगळे उठून गेल्यावर मामा पडवीच्या खांबाला टेकून बसले होते. उठता उठता म्हणाले, "माजां चेडू बरां सांभाळलास तुमी," आणि टेम्पो चालू करून निघून गेले.

माणूस गेलेल्या घरांशी मामांचा रोजचाच संबंध. त्यांच्या निम्म्या वस्तू अशाच घरांतून येतात. पण तिथे ते स्वतःहून कधी काही मागत नाहीत. ओसरीवर बसतात, पाणी पितात, काजूला मोहोर कसा आहे ते विचारतात, आणि कपाटांकडे पाठ करून बसतात. घराने आपणहून दार उघडायला कुठे वर्ष जातं, कुठे त्याहून जास्त. आमच्याकडेही ते तसेच येत राहिले. येताना माशांची पिशवी आणायचे, जाताना माझी रद्दी न्यायचे. पडवीत स्कूटी उभी होती. तिच्यावर मी एक पांढरी चादर घातली होती. मामांनीच कधी तरी 'तुमच्याकडे ऱ्हवांदे' म्हणून ठेवलेल्या हॉटेलच्या चादरींपैकी. मामा त्या चादरीला वळसा घालून आत यायचे आणि वळसा घालूनच बाहेर जायचे. एका शब्दाने त्यांनी कधी विचारलं नाही, आणि प्रत्येक वेळी आता विचारतील या भीतीने मी आधीच दुसरा काही तरी विषय काढायचो. बाकीचं मी हळूहळू दिलं होतं. तिच्या साड्या तिच्या मैत्रिणींनी नेल्या, पुस्तकं वाचनालयात गेली. स्कूटी मात्र जाऊ नये असं वाटत होतं. ती पडवीत उभी आहे तोवर शुभा कुठे तरी चालत गेली आहे, लांब नसेल, असं सकाळी डोळे उघडता उघडता क्षणभर वाटायचं. तेवढ्या एका क्षणावर मी पुढचा दिवस काढत होतो.

गेल्या हिवाळ्यात मामा एकदा म्हणाले, "चला जावयबापू, एका खुर्चेक भेटान येवया." मी टेम्पोत त्यांच्या शेजारी बसलो. खाडीच्या बाजूला, घाटी उतरून गेलं की एक लहानशी वाडी आहे. तिथल्या एका म्हातारीच्या पायांतली शक्ती गेली, तेव्हा मामांनी तिच्याकडे एक चाकांची खुर्ची ठेवली होती. मुंबईहून आलेली, जवळजवळ नवी. आम्ही गेलो तेव्हा म्हातारी ओसरीवर जमिनीलाच बसलेली होती. तिच्याजवळ बसून एक तिशीतली बाई तिला इंजेक्शन देत होती. बाईच्या डोक्यावर ओढणी, पाय गुडघ्यापर्यंत लाल धुळीने भरलेले. मामांनी सांगितलं, ही बंदरावरची नसीम. आजारी म्हाताऱ्याकोताऱ्यांचं घरी जाऊन औषधपाणी करते.

"खुर्ची खंय आसा गो?" मामांनी म्हातारीला विचारलं.

म्हातारीचा चेहरा उजळला. "आसा तर! बघा, आत बघा. एक डाग पडूक देवक नाय. पोरांका हात लावूक दिलंय नाय."

माजघरात कोपऱ्यात खुर्ची होती. तिच्यावर स्वच्छ चादर, चादरीवर एक जास्वंदाचं फूल. मामांची ठेव म्हणून म्हातारीने ती देवासारखी जपली होती आणि ती आणल्या दिवसापासून स्वतः जमिनीवर सरपटत होती. परक्याची ठेव वापरायची नसते, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. आणि मामांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं की ठेवायला जागा नाही म्हणून. नसीम हताश होऊन म्हणाली, "मामांनू, मी सांगान दमलंय. माका म्हणता, तू मधी बोलू नको, ती वस्तू तुझी पण नाय आणि माझी पण नाय."

मामांना हसावं की रडावं कळेना. त्यांनी चादर काढली, खुर्ची बाहेर ओढली. चाकांतली हवा पार गेली होती, एका बाजूला गंज चढू लागला होता. "गो बाय माजे," मामा म्हणाले, "बघ काय झालां तां. वापरल्यान वस्तू झिजता. पण नाय वापरल्यान मरता गो."

"दुसऱ्याच्या ठेवीर बसाचा?"

"मालक सांगता मा, बस."

"मगे मालकान आदी बसाचा," म्हातारी हट्टाने म्हणाली.

तेव्हा सत्तरी ओलांडलेले मामा त्या खुर्चीत बसले, नसीमने खुर्ची ढकलली, आणि बसक्या चाकांवर गचके खात ती अंगणभर फिरली. कोंबड्या ओरडत पळाल्या. म्हातारी टाळ्या पिटून हसत होती. मग मामा उतरले, आणि दोघांनी मिळून तिला उचलून खुर्चीत बसवलं. इतक्या उंचीवरून आपलं अंगण तिने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. कुंपणापलीकडे खाडी दिसते, हे ती जणू नव्यानेच बघत होती.

मी ती चादर घडी घालायला हातात घेतली. कोपऱ्यात हॉटेलचा तोच निळा माड होता. माझ्या पडवीतल्या चादरीवरही तो आहे.

निघताना नसीमलाही आम्ही टेम्पोत घेतलं. सकाळची गाडी चुकली म्हणून घाटी उतरून चालत आले, आता आणखी दोन वाड्यांत जायचं आहे, असं ती सहज सांगत होती. चालण्याची तिला तक्रार नव्हती. मामा रस्त्याकडे बघत होते. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही, आणि त्यांनी पाहिलं नाही हे मला सगळा रस्ताभर कळत होतं.

नसीमला सोडून आम्ही घरी आलो. मामा चादरीला वळसा घालून आत आले, मी चहा केला. उन्हं पडवीत आली होती. घर शांत होतं. इतकं, की माजघरातलं घड्याळ पडवीत ऐकू येत होतं. चार खोल्या, वर माळा, मागे न्हाणीघर, आणि राहणारा मी एकटा. कप खाली ठेवून मी म्हणालो,

"मामा, ती स्कूटी कुणाला तरी ठेवून घ्यायला सांगा. माझ्याकडे जागा नाही."

मामांनी रिकाम्या पडवीकडे पाहिलं, आत रिकाम्या माजघराकडे पाहिलं. "खरां आसा," ते म्हणाले. "तुमच्या हंय जागा खंय आसा." आणि मग ते बराच वेळ धोतराच्या टोकाने चष्मा पुसत राहिले.

कागदपत्रांसाठी मामा मला आणि नसीमला घेऊन आरटीओ कार्यालयात गेले आणि तिथे अत्यंत शुद्ध मराठीत म्हणाले, "सदर वाहन आम्ही या बाईंकडे ठेवत आहोत." साहेब म्हणाले, ठेवण्याचा अर्ज आमच्याकडे नसतो, हस्तांतराचा असतो. मामांनी नाइलाजाने तो भरू दिला. बाहेर येऊन नसीमला बजावलं, "कागद तुझ्या नावाचो. पण ठेव आमची. आणि चादर घालशीत तर बघ!"

स्कूटी न्यायच्या सकाळी मामांनी मला हळूच आठवण केली, "जावयबापू, रिकामी जाता नये हां." मी सीटखालची जागा उघडली. आत शुभाचा रेनकोट होता आणि शाळेतल्या मुलांना देण्यासाठी ती ठेवायची त्या पेपरमिंटांचं अर्धं पाकीट, विरघळून एकजीव झालेलं. रेनकोट झटकून मी परत ठेवला. पावसात नसीमला लागेल. पेपरमिंटांचं नवं पाकीट कोपऱ्यावरच्या दुकानातून आणून ठेवलं. जुनं आहे माझ्याकडे. तेवढी जागा आहे.

आता सकाळी डोळे उघडताना तो एक क्षण येत नाही. पडवीत फक्त फरशी असते आणि तिच्यावर माडाची सावली हलत असते. पहिले काही दिवस मीसुद्धा त्या मोकळ्या जागेला वळसा घालून जात होतो. मग एका सकाळी वाचनालयाला निघालो, पिशवी खांद्याला, आणि मागून ओळखीचा आवाज आला. तो आवाज मी हजारांत ओळखेन. पाय जागच्या जागी थांबले. निळी स्कूटी शेजारी येऊन उभी राहिली.

"काकांनू, बसा," नसीम म्हणाली. "मी तेच वाटेन जातंय."

"नको, मी चालत जातो. तुला उशीर होईल."

"तुमचीच ठेव आसा. बरी चलता काय नाय, बसान तरी बघा."

मी बसलो. पिशवी मांडीवर घेतली. खाडीवरून वारा येत होता आणि पाणी इतकं स्थिर होतं की माड त्यात उलटे झोपलेले दिसत होते. बाजाराच्या वळणावर मासेवाल्या टोपल्या मांडत होत्या. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि त्यांच्यातली एकही काही बोलली नाही. तेवढ्यात समोरून मामांचा टेम्पो आला. टपावर कुणाच्या तरी घरचा रिकामा पाळणा होता, आणि वाऱ्याने तो आपोआप झुलत होता. मामांनी आम्हाला पाहिलं, भोंगा वाजवला, आणि खिडकीतून अर्धे बाहेर येऊन सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडले, "जावयबापू, घट धरा हां!"

मी मागची कडी धरली. उन्हाने ती तापली होती, आणि तिच्यावर नेमकी माझी चार बोटं मावत होती.